खटक्यावर बोट

पन्नास मीटरवर शर्टाच्या बटणाएवढं एक वर्तुळ असतं. व्यास १०.४ मिलिमीटर. ५० मीटर रायफल नेमबाजीत दहा गुणांची जागा एवढीच. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची आणि तिची कड रेषेला टेकली तरी गुण मिळतो, त्यामुळे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. आता हे ८ मिलिमीटर उलटे मोजत बंदुकीपर्यंत आणा. शाळेतलं त्रैराशिक आहे: बंदुकीच्या एक मीटर लांबीत नळीचं तोंड ०.१६ मिलिमीटर हललं की दहा हुकले. वहीच्या दीड कागदाची जाडी! एवढी हालचाल श्वासाने होते, हातातल्या नाडीने होते आणि ‘हा दहा लागलाच पाहिजे’ या विचाराने तर हमखास होते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने अंतिम फेरीत अशा ४४ गोळ्या झाडल्या, ४५१.४ गुण मिळवले आणि पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. सरासरी काढली तर गोळीमागे १०.२६ गुण, कारण अंतिम फेरीत गुण दशांशातही मोजतात. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेलं हे दुसरं वैयक्तिक पदक. मध्ये ७२ वर्षं गेली. खाशाबाही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, हे कुठलाही कोल्हापूरकर तुम्हाला न विचारता सांगेल.

मला मात्र इथे नेमबाजीबद्दल अर्धंच बोलायचं आहे. उरलेलं अर्धं पत्त्यांबद्दल आहे.

गणपतीच्या जागरणात तीनपत्तीचा डाव बसतो, ही गोष्ट कोल्हापुरात कुणाला नवी नाही. गेल्या काही वर्षांत हा डाव फोनवर गेला आणि तीनपत्ती-रमीच्या शेजारी पोकरही येऊन बसला. पाच-दहा रुपयांचे डाव, जेवणं उरकल्यावर सुरू, झोप अनावर होईपर्यंत चालू. अशा लहान पैशांच्या खेळाडूची तक्रार जगात कुठेही गेलात तरी एकच असते: खेळ कळतो, पण लक्ष टिकत नाही, तासभर शहाण्यासारखं खेळतो आणि मग एका डावात येड्यासारखं सगळं उधळून बसतो. या तक्रारीवर पोकरवाल्यांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. पण कोल्हापूरच्या माणसाला इतक्या लांब जायचं कारण नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे ही तिन्ही नेमबाजांची नावं एकाच जिल्ह्यातली. लक्ष एका जागी आणायचं, निर्णय घ्यायचा, तो सोडून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हाच तिघांचा वर्षानुवर्षांचा उद्योग.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला वाद त्याने बाजूला सारला आणि पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ चालवायला, त्यांची जाहिरात करायला बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. देशातल्या पोकर कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. तसंही ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागत होता आणि मध्ये जमलेल्या पैशांतून कंपनी साधारण पाच टक्के कापून घ्यायची ते वेगळंच. छोट्या डावात बहुतेकांचं हरणं इथेच नक्की व्हायचं. माझं विचाराल तर हे दुकान बंद झाल्याचं मला काही दुःख नाही. पण खोट्या चिप्स लावून खेळायचा खेळ उरतोच, आणि त्या खेळात माणसाच्या मनाचं जे काही होतं ते दुकानाबरोबर गुंडाळून ठेवावं असं नाही.

पोकरचा सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी पानं, आणि या सातांतून सर्वांत चांगली पाच जुळवायची. ५२ पत्त्यांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यात दोन एक्के हाती येणं ही मोठी चैन. सरासरी २२१ डावांत एकदा. समजा तुम्हाला ते आले, समोरच्याला दोन बादशहा आले आणि दोघांनीही होतं नव्हतं ते मध्ये लावलं. तुमचं पारडं जड आहे, तरीही शंभरात साधारण अठरा वेळा बादशहावाला जिंकून जातो. तुमचं काहीही चुकलेलं नसतं. पण छातीत जी कळ उठते ती चूक झाल्यावर उठते तशीच असते, आणि पुढचा डाव सहा-सात सेकंदांत वाटून झालेला असतो.

याहून चक्रावणारा हिशेब पुढे आहे. धरून चला की तुम्ही खरोखर चांगले खेळाडू आहात. पोकरमध्ये कमाई ‘बिग ब्लाइंड’मध्ये मोजतात, म्हणजे पानं बघायच्या आधी आळीपाळीने लावावी लागणारी सक्तीची मोठी रक्कम. तुम्ही शंभर डावांमागे सरासरी पाच ब्लाइंड कमावता. पण शंभर डावांतला चढउतार, संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन, साधारण शंभर ब्लाइंडांचा असतो. डाव वाढले की कमाई डावांच्या पटीत वाढते आणि चढउतार फक्त वर्गमुळाच्या पटीत. म्हणून दहा हजार डावांनंतर अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड आणि चढउतार १,००० ब्लाइंडांचा. याचा अर्थ, उत्तम खेळूनही तुम्ही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ३१ टक्के आहे. एका टेबलावर तासाला सत्तरेक डाव होतात असं धरलं तर रोज तासभर खेळणाऱ्याला दहा हजार डावांसाठी जवळजवळ पाच महिने लागतील. पाच महिने नीट खेळायचं, आणि तशा तिघांपैकी जवळपास एकाने हरलेलं असायचं! लाख डाव झाले तरी ही शक्यता पाच-सहा टक्के उरतेच. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, तेव्हा सामना २० दिवस आणि १,२०,००० डाव चालवावा लागला तो यासाठीच. त्याहून कमी डावांत कोण भारी हे छातीठोकपणे सांगणं अवघड होतं.

आता या खेळात माणूस शिकणार कसा? चांगलं खेळलं की शिक्षा, वाईट खेळलं की बक्षीस, असं निम्म्या वेळी होत असेल तर मन कुठला धडा घेईल? मन चुकीचाच धडा घेतं, हे जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. त्यांनी लोकांना शस्त्रक्रियेच्या निर्णयाची हकिगत वाचायला दिली. डॉक्टरला ठाऊक असलेली माहिती तीच, धोक्याचं प्रमाण तेच. फरक इतकाच की एका हकिगतीत रुग्ण वाचतो आणि दुसरीत दगावतो. रुग्ण दगावतो त्या हकिगतीत लोकांनी डॉक्टरच्या निर्णयालाच कमी गुण दिले. निकाल बघून निर्णय जोखायची ही खोड आपल्याला इतकी चिकटलेली आहे की ती दिसतसुद्धा नाही.

नेमबाजीत नशिबाचा वाटा फार थोडा. बंद रेंजमध्ये गोळी जिथे रोखली तिथेच जाते. त्यामुळे लक्ष आणि शिस्त या गोष्टी इथे उघड्यावर बघायला मिळतात, आणि नेमबाजांच्या ज्या सवयी बाहेरून नुसत्या चालीरीती वाटतात त्यांचा उलगडा पत्त्यांच्या टेबलाकडून बघितलं की व्हायला लागतो.

गोळी सुटली की नेमबाज लगेच गुण दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत नाही. तो क्षणभर तसाच नेम धरून राहतो. गोळीला ५० मीटर कापायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. खटका सुटला त्या घडीला साइटमध्ये काय दिसत होतं याचं एक चित्र त्याच्या डोक्यात उमटलेलं असतं. त्यावरून तो मनाशी बोलतो: नऊ पॉइंट पाच, उजवीकडे, किंचित खाली. आणि मग पडदा बघतो. याला ते शॉट कॉल करणं म्हणतात. बोललेलं आणि पडद्यावरचं जुळलं, तर गोळी वाईट असूनही काम झालेलं असतं, कारण कुठे हललं ते त्याला माहीत आहे. जुळलं नाही आणि तरीही दहा लागला, तर जाणता प्रशिक्षक त्या दहावर खूश होत नाही. निकाल कळण्याआधी स्वतःच्या कामाचा निवाडा स्वतः करायचा, ही ती सवय. बॅरन आणि हर्शी यांना जी खोड सापडली तिच्यावर रेंजवरच्या लोकांकडे उतारा आधीपासून होता!

पत्त्यांत हे जसंच्या तसं करता येतं. शेवटचं पान उघडण्याआधी मनाशी म्हणायचं: समोरच्याकडे अमुक असावं, म्हणून मी इतकं लावलं. शक्य असेल तर वहीत एक ओळ खरडायची. मग पान उघडू द्यायचं. रात्री वही बघताना हरलेले डाव एका रकान्यात आणि चुकीचे डाव दुसऱ्या रकान्यात घातले की दोन्ही याद्या किती वेगळ्या निघतात हे बघून माणूस थक्क होतो.

नेमबाजीतली दुसरी एक गोष्ट टीव्हीवर बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. नेमबाज बंदूक खांद्याला लावतो, गाल टेकवतो, श्वास सोडतो, बोट खटक्यावर येतं... आणि तो बंदूक खाली घेतो. गोळी न झाडताच. नेम जमत नव्हता, हात थकला होता, नाहीतर मनात भलतंच काही आलं. ठरलेल्या सेकंदांत गोळी सुटली नाही तर ती ओढूनताणून सोडायची नाही, हा रेंजवरचा पहिल्या वर्षीचा धडा. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ ही कोल्हापूरची आवडती फुशारकी आहे. रेंजवर मात्र खटक्यावर बोट ठेवून काहीच न करणं हे मोठं कसब मानतात.

पोकरमध्ये याला फोल्ड म्हणतात, आपल्या तीनपत्तीत पॅक. नऊ जणांच्या टेबलावर शिस्तीचा खेळाडू शंभरातले ऐंशीएक डाव पहिल्याच फेरीत पॅक करतो. म्हणजे खेळायला बसलेला माणूस बहुतेक वेळ खेळतच नसतो. लहान पैशांच्या खेळाडूचं घोडं इथेच पेंड खातं. मोठ्या डावात भीती तरी जागं ठेवते. दहा रुपयांच्या डावात भीती नाही, म्हणून लक्ष नाही. एका हाताने पत्ते, दुसऱ्या हाताने व्हॉट्सॲप, समोर टीव्हीवर मॅच. वीस वेळा पॅक करून कंटाळा आला की एकविसाव्या वेळी राणी-सत्ती सुद्धा गोड दिसायला लागते. राग माणसाला डावात ओढतो हे सगळे सांगतात. कंटाळा त्याहून जास्त वेळा ओढतो, असं माझं मत आहे.

बोट खटक्यावर असताना शरीरात काय चाललेलं असतं हे शास्त्रज्ञांनी मोजून बघितलंय. १९८७ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी नेमबाजांच्या हृदयाचे ठोके आणि खटक्याची वेळ एकत्र नोंदवली. नवशिके हृदयाच्या कुठल्याही टप्प्यात गोळी झाडत होते. कसलेले नेमबाज हृदय आकुंचन पावण्याची वेळ टाळत होते; दोन ठोक्यांमधल्या निवांत फटीत त्यांचं बोट दाबलं जात होतं. मिनिटाला साठ ठोके धरले तर ही फट सेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढी. ‘आता ठोका गेला, आता दाबा’ असं कुणी मोजत बसत नाही, तसं मोजायला वेळच नसतो. हजारो गोळ्यांनंतर हे आपोआप घडतं.

त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेत ब्रॅड हॅटफिल्ड आणि सहकाऱ्यांनी पट्टीच्या रायफल नेमबाजांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपल्या. खटक्याची वेळ जवळ येईल तशा मेंदूच्या डाव्या बाजूच्या अल्फा लहरी वाढत गेल्या. अल्फा वाढणं म्हणजे तो भाग शांत होणं. आणि बहुतेक माणसांत भाषेचं काम चालतं ते डाव्या बाजूला. म्हणजे गोळी सुटण्याआधी आतला बडबड्या गप्प होत होता. कुणी त्याला गप्प बस म्हटलेलं नव्हतं. एकाग्रता म्हणजे डोक्याला जोर लावणं, अशी आपली शाळेपासूनची समजूत; इथे तर पट्टीच्या माणसाचा मेंदू ऐन क्षणी काम कमी करताना सापडला.

पोकर खेळणाऱ्याला आतलं बोलणं असं बंद करून चालत नाही, त्याला हिशेब करायचा असतो. म्हणून हे जसंच्या तसं लागू करू नका. पण त्याचंही पहिलं काम नको असलेली बडबड थांबवणं हेच आहे: मघाचा डाव, हरलेले पैसे, समोरच्याने पाठवलेला खिदळणारा इमोजी.

ही बडबड थांबली नाही तर काय होतं? सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच स्वप्नीलने सांघिक सुवर्ण घेतलं. त्याच दिवशी वैयक्तिक अंतिम फेरीत पदकाच्या रांगेत असताना उभ्याने झाडलेली एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. ७.६ म्हणजे केंद्रापासून साधारण २७ मिलिमीटर. ५० मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर! आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही तो चौथाच होता; तिथे ऑलिंपिकच्या प्रवेशाचा कोटा मिळाला, पदक नाही. दोन मोठ्या स्पर्धांत चौथा आलेला माणूस पॅरिसला उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय काय येऊ शकतं याची कल्पना करा. तिथे गुडघ्यावर बसून झाडायच्या १५ गोळ्यांनंतर तो सहावा होता, पालथं झोपून झाडायच्या १५ गोळ्यांनंतर पाचवा. वर चढला तो उभ्याने, ज्या स्थितीत हांगझोऊला घसरला होता तिथेच. पदकानंतर त्याने सांगितलं की सकाळपासून काळ्या चहाखेरीज पोटात काही नव्हतं आणि तो गुणफलकाकडे बघत नव्हता.

राही सरनोबतचा खेळ वेगळा, २५ मीटर पिस्तूल. अंतिम फेरीत प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य तीन सेकंद खुलं आणि मध्ये सात सेकंद बंद. त्या सात सेकंदांत हात खाली आणायचा आणि गेलेली गोळी डोक्यातून काढून टाकायची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिचे आणि थायलंडच्या नफस्वान यांगपैबूनचे गुण सारखे, ३४-३४. शूट-ऑफला पाच गोळ्या. दोघींच्या चार-चार लागल्या. पुन्हा शूट-ऑफ. राहीच्या तीन, थायलंडच्या मुलीच्या दोन. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मला त्यातलं पदकापेक्षा सात सेकंदांचं अंतर जास्त चकित करतं, कारण ऑनलाइन पोकरमध्ये दोन डावांच्या मध्ये जवळपास तेवढाच वेळ मिळतो. आपण त्या वेळात मघाशी हरवणाऱ्याला शिव्या घालतो.

रागाच्या भरात खेळ बिघडण्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात. जॅरेड टेंडलर या अमेरिकी सल्लागाराने २०११ मध्ये त्यावर एक पुस्तक लिहिलं. आधी तो गोल्फपटूंच्या मनाची मशागत करायचा, म्हणजे हे ज्ञान नेम धरण्याच्या खेळातूनच पत्त्यांत आलं. त्याने टिल्टच्या सात जाती केल्या आहेत. नशीब माझ्याच मागे लागलंय असं वाटणारा वेगळा, हरणंच सोसत नाही तो वेगळा, स्वतःच्या चुकीवर चिडणारा वेगळा, ‘या टिनपाटाकडून मी हरलो?’ म्हणणारा वेगळा आणि सूड उगवायला बसलेला वेगळा. औषधही ज्याचं त्याला. त्याचा आणखी एक विचार मला पटतो: प्रगती चांगल्या दिवसांवरून मोजू नये, सर्वांत वाईट दिवस किती कमी वाईट झाला यावरून मोजावी. ७.६ ची गोळी ९.२ वर आली तरी एका झटक्यात १.६ गुण वाचतात. दहाच्या गोळ्या आणखी बारीक करून तेवढे गुण जमवायला कितीतरी गोळ्या लागतील.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात नळराजाच्या अंगात कली शिरतो आणि नळ पुष्कराशी द्यूत खेळायला बसतो. हरत जातो, हरतो म्हणून आणखी खेळतो. दमयंती मंत्र्यांना बोलावते, प्रजा दारात येते, तो मान वर करून बघत नाही. टिल्टचं इतकं हुबेहूब वर्णन आजच्या कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. पुढे राज्य गमावलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण धावत्या रथातून त्याच्या फांद्यांवरच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळ हट्टाने रथ थांबवून मोजतो, तर संख्या बरोबर! ऋतुपर्ण त्याला ही मोजण्याची आणि फाशांची विद्या देतो, बदल्यात अश्वविद्या घेतो. विद्या मिळताक्षणी कली नळाच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो. वैदिक काळचे फासेही बेहड्याच्या फळांचेच असत. संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने ही कथा आवर्जून घेतली आहे. नमुन्यावरून संख्येचा अंदाज बांधायचा हे शास्त्र त्याला तिथे दिसलं. मला त्यातला क्रम लक्षणीय वाटतो: गणित आत आलं आणि कली बाहेर गेला.

गणिताने कली जातो, पण तो पुन्हा येऊ नये म्हणून रोजची तालीम लागते, आणि ती कमालीची नीरस असते. नेमबाज घरी रिकाम्या बंदुकीने सराव करतात. भिंतीवर एक ठिपका, बंदुकीत गोळी नाही, गुण नाहीत, कुणी बघत नाही. श्वास, नेम, खटका, टक्. पुन्हा. ड्राय फायरिंग म्हणतात त्याला. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोन, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या प्रकारात ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९७ गुण मिळवले, विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला झाली. ६० गोळ्यांत गेले ते फक्त तीन गुण. अशा खेळात पंचावन्नाव्या गोळीलाही पहिल्या गोळीइतकंच लक्ष द्यावं लागतं. हे लक्ष स्पर्धेच्या दिवशी उसनं मिळत नाही. तेजस्विनीने पहिलं ऑलिंपिक गाठलं ते टोकियोत, वयाच्या चाळिशीत.

खोट्या चिप्सचा डाव म्हणजे पत्त्यांचं ड्राय फायरिंग आहे, असं मी म्हणेन. काहीच पणाला नसताना जो नीट पॅक करू शकतो त्याचं लक्ष खरं. करून बघायचं असेल तर एकच टेबल उघडा, बाकीचं सगळं बंद ठेवा आणि बसण्याआधी उठायची वेळ ठरवा. डोकं तापल्यावर ठरवलेली वेळ कुणी पाळत नाही. प्रत्येक डावानंतर एक श्वास पूर्ण सोडा, मगच पुढची पानं बघा. आणि हेही स्पष्ट सांगतो: हरलेले पैसे भरून काढायला परदेशी साइटवर जाणारा, घरात लपवून उसनवारी करणारा माणूस शिस्तीच्या युक्त्यांनी सुधारत नाही. त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा क्रमांक फिरवावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

बाकी वाचकांना एक सुचवतो. पुढच्या वेळी रायफलची अंतिम फेरी टीव्हीवर लागली की गुणफलक दोन मिनिटं विसरा, कुठलाही एक नेमबाज निवडा आणि तो बंदूक न झाडता किती वेळा खाली घेतो ते मोजा.